पाहुण्यांचं पाणी

डुकरावर गोळी कुणी झाडायची यावरून बाकांच्या अंगणात दर जानेवारीत वाद व्हायचा, आणि वाद रंगात आला की सेलेदोन बाका मागच्या बाजूने जाऊन गोळी झाडून यायचा. १९९६ सालच्या मातान्साला मात्र वाद झालाच नाही. डुक्कर कापायचं, दिवसभर शिजवायचं, येईल त्याला वाढायचं आणि उरलेलं वाटून टाकायचं, एवढाच खरा त्या दिवसाचा कार्यक्रम. पण या वर्षी डुकराच्या जोडीला घरच्या लेकीची, ओतिलियाची, गोष्ट होती. सोमवारी ती एका कागदावर सही करणार होती. कागदात लिहिलं होतं की मेसाच्या सपाट डोंगरमाथ्यावरच्या रॉकेट इंजिनांच्या यार्डाखालचं, म्हणजे पर्यायाने प्लासिता आंचा गावाखालचं, जमिनीतलं पाणी स्वच्छ आहे. ती सही झाली की अकरा वर्षं कुलूप लागलेलं यार्ड नव्या कंपनीकडे जाणार होतं, ओतिलियाचा भाऊ एलिसेओ तिथे सुपरवायझर होणार होता, आणि ओतिलिया स्वतः ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात पाणी विभागाची प्रमुख होणार होती. एका सहीत इतकी माणसं मार्गी लागण्याचा योग बाका घराण्यात यापूर्वी आला नव्हता.

हेनोवेवा बाका पहाटेपासून चुलीपाशी होती. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, दोन्ही गुडघे हवामान सांगणारे. लाल चिलीचं पातेलं, मक्याच्या पोसोलेचं पातेलं, घरच्यांच्या कॉफीचं मोठं पातेलं आणि अगदी कडेला, मंद आचेवर, ओतिलियाच्या कॉफीचं छोटं भांडं. मुलीबद्दल ती फारसं बोलत नसे. बोलायला लोक होते. फ्रिजवर वर्तमानपत्रातलं कात्रण लावलेलं होतं, त्यात ओतिलिया पांढऱ्या कोटात एका यंत्राशेजारी उभी होती. अंतराळवीरांचा घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून त्याचं पिण्याचं पाणी करणारं यंत्र. बावीस वर्षं ओतिलिया त्या यंत्रामागे होती. प्लासिता आंचातून विद्यापीठात गेलेली ती पहिली मुलगी, रसायनशास्त्रात डॉक्टर झालेली तर आजतागायत एकटीच. कात्रण पाहायला आलेल्या शेजारणी यंत्र नेमकं काय करतं ते विचारायच्या, हेनोवेवा सांगायची, आणि मग त्या आपापल्या कपात डोकावून पाहायच्या.

गेली दोन वर्षं केंद्राने ओतिलियाला यार्डाच्या पाण्याचं काम दिलं होतं. यार्ड केंद्राच्याच कामासाठी उभं राहिलेलं, तेव्हा जाताना आवरून जाणंही केंद्राकडेच आलं. पाण्याची तज्ज्ञ, त्यात गावचीच. अंतराळातून थेट माहेरी, असं गावातले लोक म्हणायचे.

ती साडेनऊला आली. वेणी आखूड केली होती. हेनोवेवाने ते पाहिलं आणि पुढे कधीतरी बोलायचं म्हणून मनात जमा करून ठेवलं.

"बस, मिहा, बस पोरी. कॉफी घे," ती म्हणाली आणि छोट्या भांड्यातून कप भरला.

ओतिलियाने दोन घोट घेतले. "अशी कॉफी ह्यूस्टनला मिळत नाही, अमा."

"कशी मिळेल," हेनोवेवा म्हणाली.

अंगणात डुक्कर फळ्यांवर आडवं पडलं होतं. त्याच्या अंगावर गोणपाट टाकलेलं, गोणपाटावर उकळतं पाणी ओतलं जात होतं, आणि जिथे केस सुटतील तिथे दोघं-तिघं सुऱ्यांनी खरवडत होते. पाणी उकळत होतं ते पिंप यार्डातलंच. यार्ड चालू होतं त्या काळात गावात प्रत्येकाकडे असं एक पिंप आलं होतं, कारण चांगलं पिंप फेकून देणं कुणाच्याच रक्तात नव्हतं. ओतिलिया पिंपाकडे पाहून दरवर्षी कपाळाला आठ्या घालायची आणि सेलेदोन दरवर्षी सांगायचा की ते चार वेळा घासलंय.

सेलेदोन तिचा काका आणि बाप्तिस्म्यातला धर्मपिता. गावच्या पाटाचा तो एकोणीस वर्षं मुखिया होता. कुणी किती तास पाणी घ्यायचं, कुणाच्या पाटाच्या तोंडाचं फळकं कधी खाली पाडायचं, हे तो ठरवायचा, आणि एकोणीस वर्षांत कुणाकुणाने किती मिनिटं पाणी चोरलं ते त्याला तोंडपाठ होतं. मेलेल्यांचीसुद्धा मिनिटं त्याने माफ केलेली नव्हती.

"या डॉक्टरीणबाई," त्याने तिच्या हातात सुरी दिली. "मानेपासून सुरू करा. का आता फक्त अंतराळातली डुकरं सोलता?"

"अंतराळात डुकरं नसतात, तिओ."

"मग ते लोक खातात काय? पितात काय ते आम्हाला माहीत आहे."

खरवडणारे हसले. ओतिलियाही हसली. हा विनोद बावीस वर्षांचा होता आणि घरातल्यासारखा झाला होता. ती मानेपासून सुरू झाली. तिचा हात अजून बसलेला होता. तिच्यासमोर एलिसेओची बायको बर्निस होती, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मोजकं बोलणारी. तिने पिंपाच्या काठावरची पांढरी साय नखाने खरवडून दाखवली आणि म्हणाली की या विहिरीच्या पाण्याने दर वर्षी एक किटली मरते. आतून दगड होते.

"चुना आहे," ओतिलिया म्हणाली. आज तिला बोलावंसं वाटत होतं. "त्या चुन्यानेच मला डिसेंबरात छळलं. तुम्ही बाटल्या पाठवल्या ना, तिओ, त्यात आम्ही आधीच आम्लाचे दोन-दोन थेंब घालून देतो, नमुना टिकावा म्हणून. प्रयोगशाळेने कळवलं, बाटल्यांत आम्ल सापडत नाही. मीच मग लिहून दिलं की आमच्या विहिरीला चुना फार, त्याने आम्ल खाल्लं."

सेलेदोन पाण्याची बादली उचलत होता. त्याने ती खाली ठेवली.

"चुना?" तो म्हणाला. "ओहितोच्या पाण्यात कुठला चुना?"

ओहितो म्हणजे खिंडीतला झरा. घरापासून वर नऊ मैल.

ओतिलियाची सुरी चालूच राहिली. दोन-तीन वेळा ती केस नसलेल्या जागी फिरली.

"ओहितोचा काय संबंध?" तिने विचारलं.

सेलेदोनने मग ते सांगितलं, आणि सांगताना त्याची छाती जरा वरच होती, कारण त्याच्या मते ही गोष्ट कधीतरी कुणीतरी विचारायलाच हवी होती. डिसेंबरात बर्फाने रस्ता जेमतेम बस जाण्याइतका उरला. प्रयोगशाळेची माणसं वर यायला तयार होईनात. यार्डाजवळच्या आठ विहिरी शरद ऋतूतच तपासून झाल्या होत्या, उरली होती एकच, बाकांची, यार्डाच्या थेट उताराला, सगळ्यांत जवळची. मुदत संपत आलेली. तेव्हा ओतिलियाने ह्यूस्टनहून बसच्या ड्रायव्हरबरोबर खोकं पाठवलं, कारण पाण्याच्या बाबतीत या खोऱ्यात सेलेदोनपेक्षा जबाबदार माणूस नव्हता. खोक्यात सात छोट्या काचेच्या बाटल्या आणि एक छापील कागद. आणि सेलेदोनने जबाबदारी पाळली. चाकांना साखळ्या बांधून, पुढे फावडं मारत, नऊ मैल जायला चार तास आणि यायला तीन. ह्यूस्टनला पाठवायचं पाणी, अंतराळवाल्यांकडे जायचं, त्यावर बाकांचं नाव. ते काय विहिरीतून काढून द्यायचं?

"पण कागदावर तुमची सही आहे," ओतिलिया म्हणाली. "नमुना कुठला, तर विहीर, बाका."

"ते छापलेलं होतं, मिहा. सरकारने छापलेल्यावर मी काट मारू?"

डुक्कर निवायला लागलं होतं. बर्निसने बादली उचलली आणि गोणपाटावर पाणी ओतलं, कारण कुणीतरी ओतायलाच हवं होतं.

एलिसेओने हे सगळं ऐकलं तेव्हा तो कढईखाली लाकडं सारत होता. चिचरोन, म्हणजे डुकराच्या कातडीचे तुकडे, तळायचं काम त्याचं, आणि ते तो मन लावून करायचा. यार्ड बंद झाल्यापासून अकरा वर्षं तो त्याच्या फाटकावर रखवालदार होता. आत कुणी जात नव्हतं, बाहेर काही येत नव्हतं, निदान फाटकातून तरी. रोज आठ तास खुर्चीवर बसून त्याने गुडघे सांभाळले आणि बाकी सगळं सैल पडू दिलं. नव्या कंपनीच्या माणसाने त्याला नाव छापलेली टोपी देऊन ठेवली होती. ती त्याने अजून घातली नव्हती. सोमवारी घालणार होता.

तो बहिणीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. हेनोवेवा टोर्तियांचं पीठ मळत होती.

"अमा," ओतिलिया म्हणाली, "डिसेंबरातल्या बाटल्या. तिओ म्हणतात त्या आधी तुमच्याकडे होत्या."

"एक रात्र."

"तुम्ही त्यांना काही केलं?"

हेनोवेवाने पिठाचा गोळा उलटा केला. "काही नाही."

"अमा."

"काय करणार मी बाटल्यांना? घाण होत्या."

मग ते एकेक करून बाहेर आलं. प्रत्येक बाटलीच्या तळाशी दोन थेंब काहीतरी होतं, वास बरा नव्हता. तिने त्या साबणाने धुतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि स्वच्छ फडक्यावर पालथ्या घातल्या. सातवी बाटली आधीच भरलेली आली होती, वर चिठ्ठी, उघडू नये. कुणाचं तरी उष्टं पाणी असणार म्हणून तिने ते सिंकमध्ये ओतून दिलं आणि तीही धुतली. सेलेदोनने मग सातही भरल्या, कमी पडायला नको म्हणून.

ओतिलिया खुर्चीवर बसली. सातवी बाटली केंद्रातून शुद्ध पाणी घालून पाठवतात, वाटेत खोक्यात काही शिरलं का ते कळावं म्हणून. प्रयोगशाळेच्या अहवालात सातही बाटल्या सारख्याच निघाल्या होत्या, सारख्याच निष्कलंक. तिला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. इतका स्वच्छ अहवाल तिने अंतराळवीरांच्या पाण्याचासुद्धा पाहिला नव्हता, आणि तरी तिने चुन्याचं कारण लिहून दिलं होतं, स्वतःच्या अक्षरात, खाली पूर्ण नाव.

"बरं," एलिसेओ म्हणाला. "झालं ते झालं. बाटल्या गेल्या, तपासल्या, पाणी चांगलं निघालं. सोमवारी सही कर."

"ते आपल्या विहिरीचं पाणी नव्हतं, एलिसेओ."

"मग आपल्या विहिरीचं वाईट आहे असं निघालं का?"

"नाही."

"मग?"

"काहीच निघालेलं नाही. ती कुणी तपासलेलीच नाही."

एलिसेओला हे पटण्यासारखं वाटलं आणि म्हणूनच राग आला. तो म्हणाला की शेजारच्या आठ विहिरी चांगल्या आहेत. ती म्हणाली त्या यार्डाच्या वरच्या अंगाला आहेत, पाणी खाली वाहतं. तो म्हणाला की हे त्याला शाळेत शिकवलं होतं. मग त्याने आवाज खाली घेतला. ती दर खेपेला दोन दिवसांसाठी येते, डुकराचा एक कान सोलते आणि जाते, इथे राहायचं त्यांना असतं. सतरा घरांतली माणसं त्या फाटकाकडे डोळे लावून आहेत, त्यातल्या एकाने तर कर्ज काढून ट्रकसुद्धा घेतला. आणि तिची खुर्ची? बावीस वर्षं माणसांची लघवी गाळून मिळालेली खुर्ची, ती एका म्हातारीने बाटल्या धुतल्या म्हणून सोडणार?

"मी म्हातारी इथेच आहे," हेनोवेवा म्हणाली.

"तुम्हीच सांगा तिला, अमा."

हेनोवेवाने मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिला पुढचं स्पष्ट दिसत होतं. सही झाली नाही तर का झाली नाही ते गावाला कळणार, आणि कारण एकच होतं, तिचा साबण. चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या बाईला हे वर्षभर पुरलं असतं.

"सही कर, मिहा," ती म्हणाली. "मी काही धुतलं नाही."

दारात बर्निस उभी होती. हातात डुकराच्या चरबीचं तसराळं. एलिसेओने तिला जागा करून दिली, कारण तीन वर्षांच्या सुपरवायझरच्या स्वप्नात ती त्याच्याच बाजूला होती. नव्या टोपीचा टाका तिनेच घट्ट केला होता.

"ओती," तिने विचारलं, "पाण्यात उतरेल असं त्या यार्डात होतं तरी काय?"

"इंजिनाचे भाग धुवायचं द्रावण. चरबी, तेल काढणारं. धुऊन झालं की ते मागच्या खड्ड्यात ओतायचे. जमिनीत मुरतं, पाण्याला लागतं. रंग नसतो. इतकं थोडं असलं तर चवही कळत नाही. यकृताला, मूत्रपिंडाला लागतं. वर्षं लागतात."

"पोरांना?"

"पोरांना लवकर."

बर्निसने तसराळं ओट्यावर ठेवलं आणि हात पुसले. हिवाळ्यात शाळेची मोटर गोठायची. गोठली की ती या विहिरीचे दोन मोठे कॅन भरून न्यायची. गेला पंधरवडा मोटर गोठलेलीच होती. अडतीस मुलं.

"मंगळवारी मी त्यांच्या बीन्समध्ये काय घातलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बीन्स," एलिसेओ म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे इतका वेळ सलग पाहिलेलं नव्हतं, आणि आधी नजर त्यानेच काढून घेतली. मग ती टेबलाला वळसा घालून गेली आणि ओतिलियाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मोजणी झाली.

सेलेदोन आत आला तेव्हा दोन्ही बाजू बसलेल्या होत्या. त्याने टोपी काढली. दीर असला तरी ओतिलियाचा धर्मपिता म्हणून तो हेनोवेवाला कोमाद्रे म्हणायचा. एकोणीस वर्षांत त्याने पाण्यावरून झालेली भांडणं जितकी मिटवली होती, त्यांत एकदाही तो स्वतः आरोपी नव्हता, आणि ही नवी जागा त्याला अवघडत होती.

"कोमाद्रे, मी विचार केला," तो म्हणाला. "मी फळकं चुकीच्या पाटाचं उघडलं. ते मला लिहून द्यावं लागेल."

"तुम्ही द्या," हेनोवेवा म्हणाली. "तुम्हाला लिहायची हौसच आहे."

"तुम्हीसुद्धा, कोमाद्रे. धुतल्याचं."

"मी धुतलं नाही."

ओतिलियाने समोरचा कप उचलला. कॉफी गार झाली होती. तिने एक घोट घेतला आणि तिथेच थांबली. मग ती उठली, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातून दुसरा कप भरला आणि प्यायली. तिची जीभ बावीस वर्षं पाणीच चाखत आली होती. मोठ्या पातेल्यातल्या कॉफीच्या मागे खडूसारखी चव होती. छोट्या भांड्यातल्या कॉफीत ती नव्हती.

"अमा, माझी कॉफी कुठल्या पाण्याची असते?"

हेनोवेवा पीठ मळत राहिली.

"ती निळी कॅन, फडताळात," बर्निस म्हणाली. "तिओ दर महिन्याला भरून आणतात. पाद्रीबाबांसाठी, पाहुण्यांसाठी. आम्ही हात लावत नाही."

"मला कधीपासून त्यातलं देता?"

"तू ह्यूस्टनला लागलीस तेव्हापासून," हेनोवेवा म्हणाली. "नोकरीवाली माणसं येतात तेव्हा त्यांना काय किटलीतला दगड पाजायचा?"

"बावीस वर्षं?"

"तू काय रोज येतेस?"

यात तक्रार होती की हिशेब, हे तिलाही सांगता आलं नसतं. ओतिलियाने मात्र तो हिशेब केला. वर्षातून दोनदा, दर खेपेला दोन-तीन दिवस. बावीस वर्षं तिने लोकांना सांगितलं होतं की आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्यासारखं पाणी जगात नाही. चुन्याने आम्ल खाल्लं असं कागदावर लिहितानासुद्धा तिच्या जिभेवर तीच कॉफी होती.

"आणि अप्पा?" तिने विचारलं. "अप्पा कुठलं प्यायचे?"

अब्रान बाका सतरा वर्षं यार्डात इंजिनाचे भाग धूत होता. शेवटच्या वर्षी त्याची मूत्रपिंडं गेली. त्याला पाहुणा समजण्याचं कुणाला कारण नव्हतं.

हेनोवेवाचे हात पिठात थांबले. खिडकीतून विहिरीचा हातपंप दिसत होता, त्यापलीकडे उतार, आणि उताराच्या माथ्यावर यार्डाची तार.

"तो सांगायचा, त्या पिंपांचा वास गोड असतो," ती म्हणाली. मग हात पुसून, "मला कागद दे. मी लिहिते. पण स्पॅनिशमध्ये लिहीन. त्यांनी शोधावा कुणी वाचणारा."

तिने लिहायला पाऊण तास घेतला. तेवढ्या वेळात ओतिलियाने हॉलमधून वरिष्ठांच्या घरी फोन लावला. शनिवार होता. पलीकडे टीव्हीवर सामना लागलेला ऐकू येत होता. तिने सांगितलं की बाकांच्या विहिरीचा नमुना रद्द धरावा, तिची टीप चुकीची आहे, आणि सोमवारी सही होणार नाही. त्यांनी विचारलं की बाटल्या भरल्या कुणी. काकांनी आणि आईने, ती म्हणाली. सामन्यात कुणीतरी गुण मिळवला, लोक ओरडले. मग त्यांनी शांतपणे विचारलं की नातेवाइकांकडून नमुना घेऊ नये हा नियम कुणी लिहिला होता ते तिला आठवतं का. तिला आठवत होतं. तिनेच लिहिला होता. खुर्चीबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की मार्चपर्यंत ती रिकामी ठेवता येणार नाही. यार्डाचं काम आता पुन्हा पहिल्यापासून, किती वर्षं चालेल सांगता येत नाही, आणि ते तिलाच करावं लागेल, कारण दुसरं कुणी ते घेणार नाही.

तिने फोन ठेवला. एलिसेओ हॉलच्या दारात होता. त्याने विचारलं नाही. टोपी तो ट्रकच्या काचेमागे ठेवून आला होता आणि आता ती कुठे ठेवावी याचा विचार करत होता.

"चिचरोन करपतील," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

ओतिलियाच्या गाडीत बाटल्यांचं एक खोकं कायम असे. दुपारी तिने ते पंपापाशी आणलं. सेलेदोनने दांडा धरला आणि पाइपातलं शिळं पाणी निघून जाईपर्यंत, ती सांगेल तितकी मिनिटं, पंप मारला. या वेळी भरणारी ती होती, आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या खोऱ्यातल्या दवाखान्याची नर्स बोलावली होती, जिचं बाकांशी कुठलंही नातं नव्हतं. अशी बाई शोधायला दीड तास गेला होता.

हेनोवेवाही आली. बाटलीच्या तळाचे दोन थेंब तिला दिसले. तिने दोन्ही हात एप्रनखाली घेतले आणि तिथे एकमेकांत अडकवून ठेवले. ओतिलियाने बाटली तिरकी धरून हळूहळू भरली, पाणी काठावर फुगून आलं, तिने झाकण फिरवलं, बाटली उलटी केली आणि उन्हाकडे धरली. आत एकही बुडबुडा नव्हता.

"स्वच्छ दिसतंय," हेनोवेवा म्हणाली.

"तसंच दिसतं, अमा."

"कधी कळेल?"

"दोन आठवडे."

"आणि तोवर तू?"

"इथेच. नंतरही, बहुतेक."

हेनोवेवाने एप्रनखालून घडी घातलेला कागद काढून दिला. ओतिलियाने तो तिथेच उघडला. अक्षर चौथीतल्या मुलीचं होतं, चौथीनंतर ते वाढलंच नव्हतं.

'मी, हेनोवेवा बाका, बाटल्या धुतल्या. त्या घाण होत्या. सातवीत उष्टं पाणी होतं, ते ओतलं. माझ्या दिराने झऱ्याचं पाणी आणलं कारण ते चांगल्या लोकांकडे जाणार होतं. विहिरीचं पाणी आम्ही पितो. माझा नवराही तेच प्यायचा.'

ओतिलियाने कागद पहिल्या घडीवरच मिटला आणि बाटल्यांच्या खोक्यात ठेवला. शेवटचं वाक्य केंद्राने विचारलेलं नव्हतं. तिने ते राहू दिलं.

माणसं जेवायला बसली तेव्हा ऊन मेसावरून उतरत होतं. गाव आलं, खाऊन गेलं, कुणाला किती कळलं ते जाताना त्यांच्या डब्यांच्या आकारावरून सेलेदोनने ताडलं. सगळ्यात मोठा डबा चर्चमधल्या पुढच्या बाकावरच्या बाईचा होता.

घरचे पाचजण उरले. हेनोवेवा उठली, चुलीवरचं मोठं पातेलं उचललं आणि त्यातली कॉफी सिंकमध्ये ओतून दिली. फडताळातली निळी कॅन दोन्ही हातांनी टेबलावर आणली. छोटं भांडं पाचांना पुरणार नव्हतं, म्हणून तिने मोठंच धुतलं, दोनदा, आणि कॅनमधलं पाणी त्यात ओतलं.  पहिला कप तिने बर्निसला दिला. दुसरा सेलेदोनला. मग एलिसेओपाशी थांबली.

त्रेचाळीस वर्षांचा एलिसेओ त्या घरात जन्मला होता आणि त्या कॅनचं पाणी त्याने कधी तोंडाला लावलं नव्हतं. त्याने कप हातात घेतला, एक घोट प्यायला आणि बराच वेळ तोंडात धरून गिळला.

"याला चवच नाही," तो म्हणाला.

"पी," हेनोवेवा म्हणाली. "पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत."

आणि त्याच्या कपात तिने काठापर्यंत आणखी ओतली.